उशीपर्यंतचा मतदारसंघ

आमच्या मतदारसंघाचा पहिला नकाशा मामांच्या ऑफिसात भिंतभर लावलेला आहे. त्यात नदी आहे, पूल आहे, वीटभट्ट्या, लाकूडबाजार, इस्पितळ आणि शाळा आहे. एका कोपऱ्यात कोणीच राहत नव्हतं, पण नकाशा चौकोनी दिसावा म्हणून तोही घेतला होता. शेवटचा नकाशा माझ्या टेबलावर आहे. त्यात एक घर आहे आणि घरात पलंग काढलेले आहेत. मधल्या काळात फार काही झालं नाही. फक्त माणसं कमी झाली.

पहिले प्रतिनिधी माझे आजोबा, म्हणजे मामांचे आणि आईचे वडील. त्यांच्या वेळी मतदारसंघ बसलेल्या बैलासारखा दिसायचा. आजोबा सायकलवरून शिंगापासून शेपटीपर्यंत जायचे, दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकायचे आणि दोन्हीकडे सारखंच काही करायचे नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे सारखेच लोकप्रिय होते. ते गेले आणि मामा उभे राहिले.

मामांनी आजोबांच्या कपाटातला कायदा पहिल्यांदा उघडून वाचला. त्यात त्यांना दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे सरकारी निधी प्रत्येक मतदारसंघाला सारखाच मिळतो, मग आत माणसं कितीही असोत. दुसरी म्हणजे निवडणुकीनंतर प्रतिनिधीला ‘अडचणीचा भाग’ शेजारच्या मतदारसंघाला देऊन टाकता येतो, शेजारच्याची हरकत नसली तर. याला हद्द-दुरुस्ती म्हणतात. अडचण म्हणजे काय ते कायद्यात लिहिलेलंच नव्हतं. ती मोकळी जागा बघून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं मामी सांगते.

शेजारच्या प्रतिनिधीची हरकत कधीच नव्हती. त्याला गर्दी आवडते. मामांनी टाकलेली माणसं तो जुनी भांडी घ्यावीत तशी हसत हसत घ्यायचा, आणि त्याच्या सभा इतक्या मोठ्या व्हायच्या की मागच्या लोकांना तो कोणत्या पक्षाचा आहे हेही कळायचं नाही.

मत गुप्त असतं, पण गल्ली गुप्त नसते. प्रत्येक गल्लीची पेटी वेगळी, त्यामुळे मोजणीच्या दिवशी कुठल्या गल्लीने दगा दिला ते कळतंच. पहिल्यांदा वीटभट्ट्या गेल्या. त्यांच्या रस्त्यावरचे दिवे मामांनी आधी काढून आणले आणि आमच्या गल्लीत लावले. मग पूल गेला. मग शाळा गेली, फक्त घंटा ठेवून घेतली. आमच्या गल्लीत आता हात लांब केला की दिव्याचा खांब लागतो. ते दिवे दिवसाही चालू असतात, कारण बंद करणारा माणूस हद्दीबाहेर गेला.

बैलाचा चमचा झाला, चमच्याचा मोजा झाला आणि मोज्याचा दात झाला.

रेघ घरांमधून जायला लागली तसे वाद सुरू झाले. ज्याचं स्वयंपाकघर आत आणि न्हाणीघर बाहेर, तो कुठला? हा प्रश्न हेडमास्तरांनी सोडवला. हेडमास्तर म्हणजे आमचे कायमचे निवडणूक अधिकारी. शाळा गेली तेव्हा त्यांना काहीतरी काम द्यायला हवं होतं. ते म्हणाले, “माणूस दिवसभर कुठेही भटकतो, पण झोपताना त्याचं डोकं एकाच जागी असतं.” तेव्हापासून नियम झाला की ज्याची उशी आत, तो आतला. निवडणुकीआधी एका सकाळी मास्तर घरोघर फिरून उशा बघतात आणि नकाशात टिंबं करतात. पुढच्या निवडणुकीपर्यंत ते टिंब हलत नाही, उशी तुम्ही कुठेही न्या. उभं कोणालाही राहता येतं, बाहेरच्यालासुद्धा. पण खुर्चीत बसणाऱ्याची उशी आत हवी, नाहीतर खुर्ची रिकामी.

माझे बाबा असेच गेले. आईशी भांडून ते तेवढी एक रात्र लाकूडबाजारातल्या गोदामात झोपले होते. सकाळी मास्तर आले, बाबांच्या उशीचं तिथे टिंब झालं आणि त्या वर्षी लाकूडबाजाराने दगा दिला. आईने मामांकडे एक शब्द टाकला असता तर ते परत आले असते. आई म्हणाली, “उशी त्यांनीच उचलून नेली होती ना?” आणि मटार सोलत बसली.

रेघ ओढायचं काम माझं. मी नकाशे काढायचं रीतसर शिक्षण घेतलं आणि मामांनी मला नोकरी दिली. मामा मला ‘भाचेबुवा’ म्हणतात. त्यांच्याकडे एक सेक्रेटरीही होते. एकदा भर सभेत मामांनी भाषणाचं एकच पान दोनदा वाचलं, तर सेक्रेटरींनी स्टेजवरून उतरताना त्यांच्या कानात तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी सरळ जाणारी रेघ एका घरापुरती आत वळवली आणि परत बाहेर काढली. नकाशात अजून ती जागा दिसते. लोक तिला सेक्रेटरीची खाच म्हणतात. तेव्हापासून मामांना त्यांची चूक कोणी सांगितलेली नाही, त्यामुळे तेव्हापासून त्यांची चूक झालेली नाही.

इस्पितळाची हद्द-दुरुस्ती करण्याआधी मामांनी तिथलं डायलिसिसचं मशीन उचलून आणलं आणि आमच्या तळमजल्यावर पुढच्या खोलीत ठेवलं, कारण आईच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. मशीनबरोबर नर्सबाईही आल्या, उशीसकट. समोरच्या गल्लीतल्या सुताराच्या बायकोलाही तेच मशीन लागायचं. ती आईच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. एकीच्या हाताला नळ्या आणि दुसरी पाळीची वाट बघत, अशा दोघी भाजीचे भाव बोलायच्या.

पुढच्या निवडणुकीत सुताराच्या गल्लीने दगा दिला.

सुतार फाटकाशी आला. “साहेब, हिची उद्या मशीनवर पाळी असते.”

“असेल,” मामा म्हणाले. “पण तुमची उशी आता बाहेर आहे.”

“नुसतं चार तास आत घ्या. ती झोपणार नाही. मी तिला जागी ठेवीन.”

“मी काय करू? नियम आहे. तुमचा नवा मतदारसंघ केवढा मोठा आहे! तिथे असेल की एखादं मशीन. विचारा.”

त्याने विचारलं. तिथे रांग होती. सुताराची बायको रांगेतच गेली तेव्हा आईने मशीनवर पडल्या पडल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली. “बरं झालं,” ती म्हणाली, “ही खुर्ची सारखी अडलेली असायची.”

तेव्हापासून दर निवडणुकीत मामांच्या विरोधात सुतार उभा राहतो. मामांना ते सोयीचंच होतं. बिनविरोध निवडून येण्याचा त्यांना तिटकारा. “बिनविरोध म्हणजे वरच्या वर्गात ढकलल्यासारखं,” ते म्हणायचे. मतपेटीही सुतारानेच बनवलेली आहे, बैलाच्या काळातली, शिसवी, कपाटाएवढी. तिच्यात आता एक मत टाकलं की खाली पोचेपर्यंत माणूस बाहेर जाऊन चप्पल घालतो.

या निवडणुकीला आत सहा उशा होत्या. मामा, मामी, आई, मी, ड्रायव्हर आणि नर्सबाई. निधी जुनाच, अख्ख्या बैलाचा. ड्रायव्हरच्या खोलीला कारंजं आहे.

यंदा प्रथमच वरून एक निरीक्षक बाई आल्या. त्यांनी मतपत्रिकेचा नमुना बघितला आणि मास्तरांना विचारलं, “यांचं नाव दर वेळी वरच कसं?”

“मानाने,” मास्तर म्हणाले.

“मानाने नाही, चिठ्ठीने ठरतं ते.” त्यांनी तिथेच चिठ्ठ्या काढल्या. सुतार वर आला, मामा खाली. मास्तर घाबरत मामांना सांगायला गेले. मामा आरशासमोर विजयाचं भाषण म्हणून बघत होते आणि कान कोरत होते. मामांना ती सवयच आहे. हातात कुठलाही कागद आला की ते त्याची बारीक सुरळी करतात आणि कानात घालतात. तिकीट असो, पाकीट असो, कोणाचा अर्ज असो. मास्तर जे काही म्हणाले त्यावर मामा “बरं बरं” म्हणाले. तेव्हा डाव्या कानात सुरळी होती, आणि मास्तर डावीकडे उभे होते.

मतदानाला पहिले मामा गेले. पोस्टरवरच्या फोटोत चष्मा नाही, म्हणून ते चारचौघांत चष्मा लावत नाहीत. ते पडद्याआड गेले, पडदा हलायचा थांबायच्या आत बाहेर आले आणि पेटीत मत टाकलं. आयुष्यभर वरच्या नावावर शिक्का मारायची सवय असलेल्या माणसाला वेळ तो किती लागणार?

मोजणी आमच्याच दिवाणखान्यात झाली. निरीक्षक बाई शिक्का मारून आधीच गेल्या होत्या, त्यांना गाडी पकडायची होती. मास्तरांनी पेटीत कमरेपर्यंत वाकून सहा कागद गोळा केले. पाच कागद चौकोनी घडीचे होते. सहावी सुरळी होती, उदबत्तीएवढी बारीक, आणि तिचं एक टोक पिवळं होतं.

आम्ही सगळ्यांनी ती बघितली. ड्रायव्हरने छताकडे बघितलं. मामीने पदर नाकाला लावला.

पाच मतं मामांना. मास्तरांनी दोन नखांच्या चिमटीत सुरळी धरून पिवळ्या टोकाला हात न लावता उलगडली आणि वाचली. मग घसा साफ केला.

“सुतार, एक.”

मामा उठून उभे राहिले. आतापर्यंत गल्ल्यांनी दगा दिला होता. आता घराने दिला.

“कोण?”

कोणी बोललं नाही. सेक्रेटरीची खाच दिवाणखान्यात टांगलेल्या मधल्या नकाशात समोरच दिसत होती.

“मी तुम्हाला काय कमी केलं? ड्रायव्हर, तुला कारंजं दिलं ना?”

“दिलंत साहेब. मी तर त्यात पायसुद्धा धुत नाही.” ड्रायव्हर नर्सबाईंकडे बघून म्हणाला, “काही लोकांची त्या सुताराशी जुनी ओळख होती. बायको यायची ना त्याची.”

“माझ्याकडे काय बघतोस?” नर्सबाई भडकल्या. “माझ्या शेजारी मी बसायचे का? त्यांच्या शेजारी बसायची ती. तास तास गप्पा चालायच्या.” आणि त्यांनी हनुवटीने आईकडे दाखवलं.

मामी लगेच म्हणाली, “मी काही बोलणार नाही हो. पण भाऊ-बहिणीत काही ना काही राहतंच मनात. वन्संचं कोणी काय सांगावं.”

मी खिडकीची कडी घट्ट आहे का ते तपासलं. घट्ट होती. तरी परत तपासली.

आई एवढंच म्हणाली, “दादा, मी नाही दिलं.”

“चिमे,” मामा म्हणाले. आईला ते लहानपणापासून चिमे म्हणतात. “माझ्या लाकडी गाडीची चाकं कोणी मोडली होती?”

“मी. सहा वर्षांची होते.”

“सवय तेव्हापासूनची आहे.” मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. “भाचेबुवा, मागची खोली बाहेर काढा. मशीन पुढच्या खोलीत आहे, ते राहील आत. आणि रेघ सुंदर काढा हं, आईची आहे.”

मास्तर उद्या सकाळी फक्की मारायला येणार होते. रेघ कागदावर झाली की सही होते, आणि मग मास्तर नकाशा हातात धरून खऱ्या जमिनीवरून चालतात. मागून ड्रायव्हर पत्र्याच्या डब्याने पांढरी फक्की ओतत जातो. फक्की पडली की हद्द पक्की, असं कायद्यात आहे.

मी मागच्या खोलीत गेलो. आई कपडे आवरत होती, पण पेटीत न भरता एका बाजूचे दुसऱ्या बाजूला ठेवत होती.

“नऊ महिने मी तुला आत ठेवलं,” ती म्हणाली, “आणि तू मला बाहेर काढणार.”

“मी नुसती रेघ ओढतो गं.”

“सुताराच्या बायकोच्या वेळीही तू हेच म्हणालास. तेव्हा बरं वाटलं होतं ऐकायला.” तिने स्वतःच्या हातावरची सुयांची जागा दाबून बघितली. “शेजारच्या रांगेत माझा नंबर कधी लागेल?”

“सुताराच्या बायकोचा अजून लागलेला नाही.”

“ती मेली ना?”

“नंबर पुढे सरकतोय तिचा. त्यांनी अजून काढलेला नाही.”

आई हसली. मग बराच वेळ हसली नाही.

“तुम्ही सगळ्यांनी बघितलंत ना ती सुरळी?”

“बघितली.”

“आणि कोणी बोललं नाही.”

“तूही नाही बोललीस.”

“मी बोलले असते तर खोटं बोलते म्हणून गेले असते. गप्प बसले म्हणून गेले. यात निदान घसा वाचला.” तिने साडीची घडी उलगडली आणि परत तशीच घातली. “एक सांग. दादाला चष्म्याशिवाय किती दिसतं?”

“सहीची जागा दिसते. तीही मी बोट ठेवून दाखवतो.”

“हो का,” आई म्हणाली. “जा, तुला काम असेल.”

काम होतं. आता नकाशा इतका मोठ्या प्रमाणात असतो की पलंगाचे पायसुद्धा काढावे लागतात. मी आईच्या खोलीभोवती पेन्सिल फिरवायला घेतली, आणि पेन्सिल तिथून निघून जिन्यापाशी गेली. ती वर गेली. मामा-मामींच्या खोलीत खिडकीतून आत शिरली. मामी भिंतीकडे झोपते आणि मामा खिडकीकडे, कारण मामीला वारा सोसत नाही. पेन्सिल दोन उशांच्या मधून गेली, मामांच्या उशीला वळसा घातला आणि खिडकीतून बाहेर पडली. मी त्यावरून शाई फिरवली. इतकी नेमकी रेघ मी आयुष्यात काढली नव्हती.

मामांनी सही करण्याआधी नकाशा हात लांब करून धरला, मग जवळ आणला, मग परत लांब.

“नागमोडी का रे?”

“आईजवळ येऊन जरा वळावं लागलं, मामा.”

“वळणारच. आई आहे.” त्यांनी मी बोट ठेवलं तिथे सही केली, टीपकागदाची सुरळी केली आणि कानात घातली.

मास्तरांनी नकाशा घेतला. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं, परत नकाशाकडे बघितलं. शाळा गेली त्या दिवशी मास्तर फाटकाशी बसून रडले होते, आणि मामांनी त्यांना आवाज कमी करायला सांगितलं होतं. मास्तरांनी शांतपणे खिशातला चष्मा काढून लावला आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चल. डबा भरून घे.”

आम्ही सगळे मागोमाग निघालो. अंगण झालं, ओटा झाला. मामा हातात चहाचा कप घेऊन चालत होते, कार्यक्रम असला की ते चहा घेतात. मागची खोली आली. आई दारात पिशवी घेऊन उभी होती. मास्तर तिच्या समोरून गेले आणि जिना चढायला लागले. ड्रायव्हर पायऱ्यांवर फक्की ओतत गेला.

“मास्तर,” मामा खालून म्हणाले, “चिमीची खोली इकडे आहे.”

“साहेब, रेघ वर जातेय.”

“वर कुठे जातेय?”

“बघूया की. मीही पहिल्यांदाच जातोय.”

शयनगृहात मास्तर चपला काढून पलंगावर चढले. ड्रायव्हरने त्यांच्या इशाऱ्यावर निळ्या चादरीवर, दोन उशांच्या बरोबर मधून, पांढरी रेघ घातली. मामांच्या उशीला वळसा घातला. रेघ खिडकीच्या चौकटीवरून खाली अंगणात सांडली. खाली चाललेलं मांजर पांढरं झालं.

मामांनी चहाचा कप टेबलावर ठेवला. “ही चूक आहे.”

“सही आपली आहे,” मास्तर म्हणाले.

“मग दुसरा नकाशा आणा. मी परत सही करतो.”

“सही प्रतिनिधीची लागते, साहेब. आणि प्रतिनिधीची उशी आत लागते.”

मामांनी उशी उचलून मामीच्या बाजूला टाकली. मास्तरांनी मान हलवली. “टिंब झालेलं आहे. तुम्ही ती आता डोक्यावर घेऊन फिरलात तरी बाहेरच.”

मामा मामीकडे वळले. “अगं, तू तरी सांग यांना!”

मामी आपल्या उशीवर उडालेली फक्की झटकत होती. “अहो, पाय काढा ना जरा. रेघ पुसेल.” मग म्हणाली, “आणि तुमच्या बाजूचा दिवा मालवते हं. तुमचा निधी आता वेगळा.”

संध्याकाळपर्यंत मामा फाटकाबाहेर होते, उशी काखेत धरून. शेजारच्या प्रतिनिधीने स्वतः येऊन त्यांचं स्वागत केलं आणि झोपायला जागा म्हणून रांगेतला एक नंबर दिला. समोरच्या फुटपाथवर सुतार फळी रंधत होता. त्याने रंधा थांबवला.

“या साहेब, बसा. मला एक मत पडलं म्हणे यंदा. कोणी दिलं कळलं का? आभार मानायचे राहिलेत.”

आई फाटकापाशी आली. आतल्या बाजूला.

“चिमे,” मामा म्हणाले, “झालं ते झालं. मत तू दिलंस, मी तुला माफ केलं. आता मला आत घे.”

आईने मूठ उघडली. तिच्यात ती सुरळी होती. मास्तरांनी तिला पाकिटात घालून सील करायचा पुष्कळ प्रयत्न केला होता, पण ती सपाट राहीना. “दादा, आधी ही घाल आणि कान साफ कर. मग मी काय म्हणते ते ऐकू येईल.”

मामांनी सुरळी घेतली. उलगडली, लांब धरली, जवळ धरली. शिक्का नीट दिसला नसेल, पण टोक त्यांनी ओळखलं. सुतारानेही मान पुढे करून बघितलं. त्याला आयुष्यात पडलेलं ते एकुलतं एक मत होतं.

“आभारी आहे,” तो म्हणाला, आणि रंधा मारायला लागला.

कायद्याप्रमाणे उरलेल्या पाच उशांनी आपल्यातलाच एक निवडायचा होता. आई उभी राहिली. विरोधात उभं राहायचं कोणाच्या मनातही आलं नाही, आणि आईला बिनविरोधचा अजिबात तिटकारा नाही. ती मशीनवर पडल्या पडल्याच निवडून आली. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरने त्यांच्यापेक्षा जोरात वाजवल्या.

निकाल लागला तसा फाटकाशी जमाव झाला. वीटभट्टीवाले होते, लाकूडबाजारवाले होते. बाबाही होते, नवा शर्ट घालून. सगळ्यांच्या पुढे सुतार होता.

“ताई, आता तुम्ही आहात,” तो म्हणाला. “तुम्ही तिच्या शेजारी बसायचात. तिचं काही राहिलं नाही आता, पण गल्लीत अजून दोन बायका आहेत तशाच. रेघ मागे घ्या.”

मला वाटलं, घेईल. मी पेन्सिलीला टोक करून ठेवलं होतं, भिंतीवरचा जुना नकाशा झटकून ठेवला होता. बैल उठून उभा राहील असं मला खरंच वाटलं.

आईने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मामांपेक्षा ती फार चांगलं ऐकते. मग पर्स उचलून दुसऱ्या हातात घेतली.

“मी काय करू?” ती म्हणाली. “नियम आहे.”

बाबांनी हात वर केला होता. तो तिला दिसला. तिने मटाराचं पातेलं मागवलं.

नंतर तिने मला पुढच्या खोलीत बोलावलं. मशीन चालू होतं. तिने पांघरुणावर माझा नकाशा पसरला होता, डोळ्यांवर चष्मा होता आणि हातात भिंगही होतं. निवडणूक झाली म्हणजे हद्द-दुरुस्ती आलीच. ती मामांच्या खाचेवरून बोट फिरवत होती.

“सुरेख काढलीस,” ती म्हणाली. “हात जरासुद्धा कापला नाही.”

“तुझ्यासाठी काढली, आई.”

“मी तुला सांगितलं होतं का काढायला?”

“तू विचारलंस, मामांना चष्म्याशिवाय किती दिसतं.”

“विचारलं. सांगितलं नाही.” तिने भिंग माझ्या पलंगावर आणलं. नकाशातला माझा पलंग मी जरा मोठाच काढला होता. “सख्ख्या मामाची उशी तू एका रेघेत बाहेर काढलीस. त्याने तुला नोकरी दिली होती. मला तर मशीनवर पडल्या पडल्या पेन्सिलीचा आवाज आला तरी आता झोप लागत नाही, बाळा.”

“मग मी काय करू?”

“काही नाही रे. तू जेवून घे. आणि तुझी कॉट आजच्या दिवस जिन्याच्या वळणावर टाक. प्रतिनिधी बदलला की टिंबं नव्याने होतात, उद्या मास्तर उशा बघायला येतील.”

मी कॉट टाकली. जिन्यावर ड्रायव्हरने ओतलेली फक्की अजून तशीच आहे आणि ती माझ्या कॉटच्या बरोबर मधून जाते. आत डोकं केलं तर पाय बाहेर जातात, आत पाय केले तर डोकं. उशी माझ्या मांडीवर आहे. ती कुठल्या बाजूला ठेवू, असं मी खाली दोनदा हाक मारून विचारलं. आई ऐकतेय, कारण तिने मशीनचा आवाज कमी करायला लावला. पण तिने अजून काही सांगितलेलं नाही.